कापूस निघू दे, मग दाढ

अमरावतीत राजकमल चौकातून राजापेठेकडे रमतगमत निघालं, की कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून एक दाढ आपल्याकडे बघून हसते. पांढरीशुभ्र, गुबगुबीत, आपल्याच मुळांचे पाय करून उभी राहिलेली. एका हातात ब्रश, दुसरा हात स्वागताला वर. तिला टपोरे डोळे असतात, तोंड असतं आणि नीट पाहिलं तर त्या तोंडात दातही असतात. इथं मी दर वेळी थबकतो. दाढेला दात! मग त्या दातांतही एखादी दाढ असणार, तिलाही असंच हसरं तोंड असणार, त्या तोंडात पुन्हा दात. आरशासमोर आरसा धरल्यासारखी ही दंतपंक्ती सरळ अनंताकडे निघून जाते, आणि त्या अनंताच्या खाली लिहिलेलं असतं, 'सकाळी १० ते २, संध्याकाळी ५ ते ९, रविवारी बंद.' अकोल्यात जठारपेठेत, रतनलाल प्लॉटकडे तिच्या बहिणी भेटतात. कोणी पेंटरनं रंगवलेली, कोणी फ्लेक्सवर छापलेली, पण हसू सगळ्यांचं एकाच घराण्यातलं. दातांच्या डॉक्टरकडे जायच्या कल्पनेनं खुललेला चेहरा अख्ख्या वऱ्हाडात हिचाच एक. खालून जाणारी माणसं तिच्याकडे पाहतात, जिभेनं आतली एखादी जागा चाचपतात आणि देणं थकलेल्या माणसानं सावकाराच्या ओट्यावरून जावं तशी मान खाली घालून पुढं सटकतात.

माणसं दवाखान्यात का जातात आणि का जात नाहीत, या प्रश्नावर जगात फार गंभीरपणे विचार झालेला आहे. रोनाल्ड अँडरसन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९६८ साली त्याची एक सुटसुटीत मांडणी केली, ती आरोग्यसेवेचे विद्यार्थी अजून शिकतात. तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. एक माणसाची घडण, म्हणजे वय, शिक्षण, समजुती. दुसरी हाताशी असलेली सोय, म्हणजे पैसा, अंतर, डॉक्टर. आणि तिसरी प्रत्यक्ष गरज, म्हणजे दुखणं. गरजेला तर तोटाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातल्या सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही विकार आहे, म्हणजे जवळजवळ निम्मी मनुष्यजात गालाला हात लावून बसलेली आहे. सोयही हळूहळू येत गेली. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. ते लोण नागपूरला पोचून शासकीय दंत महाविद्यालय निघायला १९६८ उजाडलं. म्हणजे तिकडं अँडरसनसाहेब मांडणी करत होते त्याच वर्षी इकडं विदर्भाची सोय होत होती. आता अमरावतीत वडाळीच्या वाटेवर विदर्भ युथ वेल्फेअर सोसायटीचं दंत महाविद्यालय आहे, तिथं शिकाऊ डॉक्टर कमी पैशात आणि जास्त वेळात दात बघतात. गल्लोगल्ली खासगी दवाखाने आहेत, सरकारी म्हटलं तर इर्विन आहे, अकोल्याला सर्वोपचार आहे. गरज आहे, सोय आहे, तरी माणूस आणि ती मागं झुकणारी खुर्ची यांच्यामध्ये काहीतरी राहून जातं. साहेबांनी बहुधा वऱ्हाडात एखादा कापसाचा हंगाम काढला नसावा.

मुळात आमच्याकडं दाढदुखी ही दुखण्यात धरतच नाहीत. ताप आला की माणूस आजारी, पाय मोडला की माणूस खाटेवर. दाढ दुखणारा माणूस मात्र वावरात जातो, बाजार करतो, लग्नाच्या पंगतीला बसतो, फक्त एका बाजूनं जेवतो. "काय झालं भाऊ?" म्हणून विचारलं तर सांगतो, "काई नाई, दाढ ठणकून राह्यली." आधी काई नाई, मग ठणका! हे दोन्ही एका दमात म्हणणाऱ्या माणसाला डॉक्टर काय बरं करणार? आणि घरात औषध कमी का असतं? तुरटीच्या गुळण्या होतात, पेरूचा पाला चावून होतो, हिंगाचा खडा दाबून होतो आणि शेवटी लवंगेचं तेल निघतं. लवंगेत युजेनॉल असतं, ते नस बधिर करतं. दंतवैद्य तात्पुरतं भरतात त्या लगद्यातही झिंक ऑक्साइडबरोबर तेच कालवलेलं असतं, तेव्हा आजीला नावं ठेवायची सोय नाही. त्या तेलात कापसाचा बोळा बुडवून किडलेल्या खळग्यात बसवायचा, की रात्र निघते. कापसाला आमच्याकडं पांढरं सोनं म्हणतात. मोठ्या शहरांतले शेठ दाढेत सोनं भरून घेत होते तेव्हा वऱ्हाडातला गरिबातला गरीब माणूसही आपल्या परीनं सोनंच भरत होता, फक्त ते दर दोन दिवसांनी बदलावं लागे. मिठाच्या पाण्याचं तर विचारूच नका. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-अकोटकडे, विहिरीचं पाणीच खारट. तिथल्या एका आबाजींना डॉक्टरांनी मिठाच्या पाण्यानं दिवसातून तीनदा गुळण्या करायला सांगितलं. आबाजी शांतपणे म्हणाले, "डाक्टरसायब, आमी जलमभर थेच तं करून राह्यलो."

दाढेचा स्वभावही असा, की ती माणसाला निर्णयापर्यंत येऊ देत नाही. दिवसा कामाच्या गडबडीत गप्प असते. रात्री आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा जोर वाढतो, दाढेच्या आतल्या कोंदट खोलीत सुजलेल्या नसेला फुगायला जागा नसते आणि ठणका सुरू होतो. रात्री दोन वाजता भलेभले नास्तिक देवाला हात जोडून सांगतात, उद्या पहिल्या यष्टीनं जातो. सकाळ होते, माणूस उभा राहतो, ठणका उतरतो आणि शपथही उतरते. अचलपूरहून मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेजची शकुंतला चालू होती तेव्हा अंजनगावकडचे आमच्या नात्यातले एक आबाजी दाढ धरून तिच्यात बसत. मूर्तिजापूरला मोठी गाडी पकडायची आणि अकोल्याला दाढ दाखवायची, असा बेत. पण शकुंतलेची चाल अशी, की तिच्यात बसल्यावर कुठलीच गोष्ट तातडीची वाटत नसे. खिडकीतून पऱ्हाटीची वावरं मागं सरकत, शेजारचा कोणी तरी दूरचा सोयरा निघे, दर्यापूर येईतो दाढ थांबलेली असे. मूर्तिजापूरला आबाजी उतरून भजी खात, दुखऱ्या बाजूनं एकदा चावून खात्री करून घेत आणि परतीच्या गाडीत बसत. "राह्यली ना बाप्पा, आता कायले पैसे घालता?" डॉक्टर सांगतात, अशी आपोआप थांबलेली दाढ बरी झालेली नसते, बहुतेक वेळा तिची आतली नस मेलेली असते. कीड आपलं काम चालूच ठेवते, तक्रार करणारं तेवढं कोणी उरत नाही. आबाजींच्या लेखी मात्र ती दाढ कायम शकुंतलेच्याच हातगुणानं बरी झालेली होती.

पैशाचं म्हणाल तर दात काढायचा खर्च फार नसतो, तो वाचवायचा खर्च जास्त असतो; रूट कॅनल आणि वर टोपी म्हटलं की माणूस बंद तोंडानंच हिशोब करू लागतो. त्यात शेतकऱ्याच्या घरी पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. मृग लागला की बी-बियाणं आणि खत. पाऊस धरला की डवरणी, निंदण, फवारणी. पोळ्याला बैलांचा साज. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास घरात येतं, मग कापसाची वेचणी, तूर आणखी पुढं. म्हणून वऱ्हाडात दाढ कधी दाखवणार असं विचारलं, की तारीख मिळत नाही, पीक मिळतं. 'कापूस निघू दे, मग दाढ.' कापूस निघतोही. पण त्यावर पहिला हक्क कृषी केंद्राच्या उधारीचा, दुसरा सोसायटीच्या कर्जाचा, तिसरा पोरीच्या कॉलेजच्या फीचा, मग भाच्याच्या लग्नाचा आहेर. रांग सरकत सरकत दाढेपर्यंत येते तोवर आभाळ भरून आलेलं असतं आणि पुन्हा बियाण्याची पिशवी दारात. सरकारनं मदत केली नाही असंही नाही. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होता, पुढं तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, आणि हृदयाची, मूत्रपिंडाची भली मोठी ऑपरेशनं गरिबांच्या आवाक्यात आली. पण ती मुख्यतः दवाखान्यात भरती व्हायच्या दुखण्यांची योजना. दाढेत सिमेंट भरायला कोण भरती होतो? सरकारच्या हिशोबात दाढ फार लहान पडते आणि घरच्या हिशोबात फार मोठी. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, हे आपल्या पूर्वजांनी अँडरसनसाहेबांच्या कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून यष्टीचा प्रवास फुकट झाला. आता अमरावतीला दाढ दाखवायला जायचं भाडं लागत नाही, फक्त दाखवायला दाढ उरलेली नसते.

आणि खेड्यातल्या माणसाला दातांचं काही कळत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं एकदा बैलबाजारात जावं. परतवाड्याकडच्या बाजारात आमच्या शेजारच्या काकाजींना मी गोऱ्हा घेताना पाहिलं आहे. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, मग काकाजी सहज उठल्यासारखे उठले. डाव्या हाताची दोन बोटं गोऱ्ह्याच्या नाकात घालून त्याचं तोंड जरा वर केलं, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ दुमडला, पापणी लवायच्या आत नजर फिरवली आणि हात धोतराला पुसला. "चार दाती." एवढंच. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथं नुसती कडक हिरडी, खाली आठ. दोनेक वर्षांपर्यंत सगळे दुधाचे, तो अदात. मग मधली पक्की जोडी येते तो दोन दाती, पुढं चार दाती, सहा दाती, आणि पाचव्या वर्षाच्या आसपास आठही आले की बैल जुळला. दात झिजून फटी पडू लागल्या की किंमत उतरते. जन्मदाखला, आरोग्य तपासणी आणि भविष्य, सगळं त्या एका अंगठ्याखाली. मग दलालानं रुमाल पसरला, रुमालाखाली बोटं दाबली गेली, भाव तुटला. काकाजींचा उजवा गाल त्या दिवशी चांगला टम्म फुगलेला होता. मी म्हटलं, "काकाजी, आता अमरावतीला चाललोच आहोत तर तुमचीही दाढ दाखवू." काकाजींनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी ते पोरसवदा दलालांकडं टाकतात. "माह्या दाताले कोन पाह्यते बे? मले का इकाचं हाय का?"

यावर उत्तर नाही. जे विकायचं किंवा विकत घ्यायचं असतं त्याचे दात बघायचे, हा नियम काकाजींनी केलेला नाही. लग्नाचं पाहणं ठरलं की पोरापोरींचे पुढचे दात सरळ आणि पांढरे करायला घरदार कसं धावतं ते पाहावं. जन्मभर न सापडलेले पैसे तेव्हा डब्यातून निघतात. मागच्या दाढा फोटोत येत नाहीत म्हणून त्या तशाच मांडवात जातात.

समजुती म्हणाल तर त्याही आहेत, आणि गोड आहेत. 'वरची दाढ काढली त डोये जातेत' हे वऱ्हाडातल्या प्रत्येक ओट्यावर सिद्ध झालेलं आहे, कारण प्रत्येक ओट्यावर वरची दाढ काढलेला आणि पुढं चष्मा लागलेला एक तरी म्हातारा असतो. दाढा उतरत्या वयात निघतात आणि चष्माही उतरत्या वयातच लागतो, या योगायोगाकडं कोणी लक्ष देत नाही. पण समजूत अगदीच हवेतली नाही. वरच्या दातांची नस डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी असलेल्या बारीक बोगद्यातून जाणाऱ्या नसेची फांदी आहे, म्हणून वरची दाढ ठणकली की डोळ्याखालीही कळ येते. दाढ आणि डोळा यांचं घर शेजारी, इतकंच; नजरेची नस निराळी, तिचा दाढेशी काही व्यवहार नाही. 'दात साफ केले की हलतात' ही दुसरी. वर्षानुवर्षं साचलेल्या किटणानं दात एकमेकांना धरून उभे असतात, ते किटण निघालं की फटी दिसतात आणि जीभ दिवसभर तिथंच फेऱ्या मारते. ज्या जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले तिथं अंगण सकाळ-संध्याकाळ झाडलं जातं. दातांवरून मात्र एकदाच, तेही काळ्या मंजनाचं बोट, झालं. उरली ती दात कोरायच्या यंत्राची घरघर. हवेच्या झोतावर फिरणारी ही चक्री १९५७ च्या सुमारास आली, जुन्या पायडलच्या यंत्रापेक्षा कितीतरी कमी दुखवते, पण तिचा आवाज दाराबाहेरच्या बाकापर्यंत येतो आणि बाकावर बसलेल्याला अचानक घरी ठेवलेलं महत्त्वाचं काम आठवतं.

दुखायची भीती म्हणाल तर भूल देणारं लिग्नोकेन स्वीडनमधून बाजारात आलं ते १९४८ साली, आणि आपल्याकडं दंतवैद्यांचा कायदा झाला तोही १९४८ सालीच. त्या कायद्यात नोंदणीचे दोन भाग केले होते. 'अ' भागात शिकलेले दंतवैद्य आणि 'ब' भागात न शिकलेले, पण आधीपासून पाच वर्षं तरी याच धंद्यावर पोट भरणारे. नव्या राज्यानं जुन्या चिमटेवाल्यांनाही वहीत जागा दिली, याचं मला कौतुक वाटतं. मग मागून आलेले, कुठल्याच भागात न बसणारे, जत्रेत फडक्यावर उपटलेले दात मांडून बसू लागले. त्यांच्या हातून काय काय होई ते सांगण्यासारखं नाही. पण त्यांच्याकडं गर्दी असे, कारण तिथं नंबर लावावा लागत नसे, चपला काढाव्या लागत नसत आणि मुख्य म्हणजे कोणी बोलणी ऐकवत नसे.

बोलण्यांची भीती ही सुईच्या भीतीहून मोठी. आमच्याकडं पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटतात. घोटणाऱ्याचा हात असा लयीत चालतो, की तबल्याचे धडे गिरवतो आहे असं वाटावं. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण खर्रा गिऱ्हाइकासमोर ताजा होतो आणि मित्रासारखा वाटून खाल्ला जातो. राज्यातल्या दर चार मोठ्या माणसांमागं साधारण एक जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेतो, असं २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत दिसलं. आता असा माणूस डॉक्टरसमोर तोंड कसं उघडणार? तिथं सगळं लिहिलेलं असतं, खोटं बोलायला जागा नसते. म्हणून तो आधी तीन दिवस खर्रा सोडतो, दात घासून हिरड्या लाल करतो, मग ठरवतो की आता बरं वाटतंय. यातली खरी वाईट गोष्ट अशी, की सुपारीनं गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होत जाते आणि एक दिवस तोंड उघडतच नाही. डॉक्टर आपली बोटं एकावर एक उभी धरून मापतात. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन मावतात. मी एका तिशीतल्या पोराला बाकावर बसून आपलीच बोटं मोजताना पाहिलं आहे. दोन जात होती. तो तिसरं पुन्हा पुन्हा घालून बघत होता आणि कोणी पाहत नाही ना म्हणून इकडं तिकडं बघत होता. त्याला शेवटी ज्यानं आणलं होतं तो त्याचा पानठेलेवालाच होता. "तिखट लागते म्हन्ते सायब, आता त माह्याकडचा खर्राबी खात नाई," तो डॉक्टरांना काळजीनं सांगत होता. धंद्याचं नुकसान आणि दोस्ताची काळजी एकाच वाक्यात बसलेली होती, आणि दोन्ही खरी होती.

उलट, दवाखान्यात स्वखुशीनं येणारेही असतात, फक्त त्यांची कारणं पुस्तकात नसतात. डिसेंबरच्या २० तारखेला सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची जत्रा भरते आणि जानेवारी सरेपर्यंत चालते. हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे हे तिथलं वैभव. रोडगा म्हणजे काही फुलका नव्हे. त्याला दात लागतात, नुसता उत्साह चालत नाही. म्हणून दिवाळी झाली की वयस्कर मंडळी कवळीची चौकशी करू लागतात. माप देतात, मेणाचं वळण हिरड्यांत दाबतात, "बहिरमच्या आंधी होईन ना?" असं दर फेरीला विचारतात. आमच्या ओळखीतल्या एका बुढीला तिच्या लेकानं अशी कवळी करून दिली. ती कवळी बुढी लग्नाला घालते, जत्रेला घालते, नातजावई आला की घालते. रोज मात्र डबीत, डबी कपाटात, कपाटाला किल्ली. का, तर "रोज घातली त झिजन." रोजचा वरणभात ती हिरड्यांनी खाते आणि कोणी रागावलं तर म्हणते, "लेकानं येवढे पैसे घातले, मी का वाया घालू?" डॉक्टरांनी समजावलं, वापरली नाही तर उलट ती बसेनाशी होते, हिरडी आकार बदलते. बुढीनं मान डोलावली, कवळी पदराला पुसली आणि डबीत ठेवली. लेकाचं प्रेम तिला चावायला नको होतं, जपून ठेवायला हवं होतं.

घरातल्या बाईचा नंबर या सगळ्याच्याही मागं. पोराची दुधाची दाढ किडली तरी ती त्याला काखेत मारून जाते, सासऱ्याला नेते, नवऱ्याला तर ढकलत नेते. स्वतःची दाढ दुखली की लवंग चघळते आणि पोळ्या लाटते. धारणीकडच्या कोरकू बाईचं आणखी अवघड. सेमाडोहवरून घाट उतरून परतवाडा, तिथून अमरावती. दाढेचा खर्च सुरू व्हायच्या आधीच एक दिवसाची मजुरी गेलेली असते. यष्टीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट झालं, ते खरंच मोठं काम झालं. पण उरलेल्या अर्ध्या तिकिटापेक्षा तिला दुसरंच काही कमी पडतं. "चाल, मी येतो संगं," असं म्हणणारं कोणी तरी.

कारण वऱ्हाडात दातांच्या डॉक्टरकडं एकटं कोणी जात नाही. मी त्या बाकांवर बराच बसलेलो आहे, बहुतेक वेळा कोणाच्या तरी सोबतीला. फी, अंतर, भीती, समजुती ही सगळी कारणं तिथं हजर असतात. पण जो माणूस बाकापर्यंत पोचलेला असतो त्याच्या शेजारी हमखास एक दुसरा माणूस असतो, आणि त्यानंच त्याला आणलेलं असतं. गंमत अशी, की हा दुसरा माणूस आपली सूज लपवून आलेला असतो. गेल्या हिवाळ्यात तेच काकाजी मला तिथं भेटले. काकूंची दाढ काढायची होती म्हणून तुरीची सवंगणी सोडून सकाळपासून बसले होते. काकू कापूस दाबून बाहेर आल्या. मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या, काकाजींच्या गालाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "काकाजी, आलेच आहात तर तुमचंही पाहून घेऊ." काकाजी म्हणाले, मी त संगं आलो. काकूंना बोलता येत नव्हतं. त्यांनी दाराकडं बोट केलं, त्या बोटापुढं काकाजी उठले. आत गेल्यावर त्यांच्या तीन दाढा कामातून गेलेल्या निघाल्या आणि बाईंनी विचारलं, इतके दिवस दाखवलं का नाही? काकाजी म्हणाले, "हिची पाह्यची राह्यली होती ना."

काकूंनी यांच्यासाठी थांबावं आणि यांनी काकूंसाठी, असं घरोघर चाललेलं असतं. स्वतःच्या दाढेसाठी अर्धा दिवस मोडणारा माणूस आमच्याकडं विरळा, दुसऱ्याच्या दाढेसाठी दिवसभर उपाशी बाकावर बसणारे मात्र हवे तितके. तेव्हा डॉक्टर लोकांनी वऱ्हाडात शिबिरं घेताना दात कोणाचा दुखतो हे विचारूच नये. ते कोणी खरं सांगत नाही. घरात कोणाची दाढ दुखते आहे असं विचारावं. मग नवरा बायकोचं नाव सांगेल, बायको सासऱ्याचं, सासरा नातवाचं, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं गाव एकमेकांना घेऊन रांगेत उभं राहिलेलं असेल.